जयराम च्यारीचं वेटोळं

आमच्या वाड्यावरचा जयराम च्यारी सकाळचा चहा घेण्याआधी एका तरी माणसाचा अपमान करी. त्याशिवाय त्याला घोट उतरत नसे. हा पहिला मान बहुधा पोदेराला मिळे, कारण सायकलवर पावांची टोपली बांधून भोंपू वाजवीत सगळ्यांत आधी तोच यायचा. जयराम टोपलीतला एक उंडा उचलून पायरीवर टकटक आपटायचा आणि विचारायचा, "हेका चुंबक चिकटता काय रे? दुसरो दी. खावचो दी." पोदेर हसायचा नाही आणि रागवायचाही नाही. दुसरा उंडा काढून द्यायचा. तोही तितकाच कडक असायचा.

मग दिवसभर बाकीच्यांची पाळी. जयरामचा लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचा धंदा होता. पेडण्यापासून डिचोलीपर्यंत लग्न म्हणू नका, भजनी सप्ताह म्हणू नका, दशावतार म्हणू नका, जिथं म्हणून माणसाला आपला आवाज अपुरा वाटे तिथं जयरामचा हॉर्न माडाला बांधलेला असे. आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज मोठे करून त्याचं माणसांविषयीचं मत फार लहान झालं होतं. तो माणसं वॉटात मोजायचा. आमच्या सरपंचांबद्दल त्याचा निकाल ठरलेला: "हॉर्न दोनशें वॉटचो, भितर टॉर्चीचो सेल." मी प्राथमिक शाळेत मास्तर. मला तोंडावर सांगायचा, "मास्तर, तुमी शिकयतां बरें, पण करंट येवक नाय."

हॉर्नच्या पोटात केसाएवढ्या तारेचं एक इवलंसं वेटोळं असतं. त्यातून करंट गेला की त्याचं चुंबक होतं, बाहेरच्या पक्क्या चुंबकाशी त्याची ओढाताण चालते, पडदा थरथरतो आणि आवाज होतो. हे वेटोळं वारंवार जळतं. इतर लोक ते पणजीला पाठवत. जयराम घरीच गुंडाळायचा. गुंडाळताना फेरे मोठ्यानं मोजायचा आणि त्या वेळी साक्षात देवी जरी दारात आली असती तरी तिला हात करून थांबवलं असतं. एकदा सरपंच स्वतः आले. मुलीच्या लग्नाला सेट हवा होता. जयराम "एकशे चाळीस, एकशे एकेचाळीस" करत राहिला. सरपंच उन्हात उभे. तीनशे झाल्यावर त्यानं मान वर केली. "उलय." सरपंचांनी तोंड उघडलं तर म्हणाला, "सावकाश उलय. वेटोळां चुकला की वाटोळां." हे त्याचं पेटंट वाक्य. पोर नापास झालं, भावांत वाटणी झाली, सरकार पडलं, सगळ्याचं कारण एकच. कुठंतरी कुणाचं तरी वेटोळं चुकलेलं असायचं.

शाळेच्या एका समारंभाला आलेले पाहुणे भाषणाला उभे राहून तास झाला तरी बसेनात. जयरामनं सेटचं आवाजाचं बटण हळूहळू मागं नेलं. इतकं हळू, की पाहुण्यांना कळलं नाही, फक्त मागची माणसं उठू लागली, मग मधली. शेवटी पाहुणे पुढच्या बाकावरच्या आम्हा पाच शिक्षकांना राष्ट्राचं भवितव्य सांगत राहिले. हेडमास्तरांनी नंतर जाब विचारला. जयराम म्हणाला, "कॉइल तापलेली. मनीस तापलो तर थंड जाता. कॉइल तापली की मेली."

माझी त्याची खरी ओळख झाली ती माझ्याच वर्गात. चौथीला मी खिळ्यावर तार गुंडाळून, सेल जोडून, टाचण्या उचलून दाखवत होतो. पोरं टाळ्या वाजवत होती. खिडकीतून आवाज आला, "खोटां शिकवू नकात." जयराम आत आला. त्यानं माझा खिळा तारेतून उपसून काढला, टाचण्या खाली सांडल्या. मग खिशातून तारेची एक रिकामी चकती काढली, बांगडीएवढी, पंचवीस-तीस फेऱ्यांची. ती टेबलावर उभी धरून तिच्या मधोमध शाळेचं होकायंत्र ठेवलं आणि तारेची टोकं सेलला लावली. उत्तर दाखवणारी सुई गर्रकन फिरून आडवी झाली. टोकं उलटी लावली. सुई उलट्या बाजूला गेली.

"खिळो खंय आसा?" त्यानं पोरांना विचारलं.

"नाय!"

"मगे सुई कोणें हालयली?"

पोरं माझ्याकडे बघू लागली, मी खिळ्याकडे.

"वेटोळ्यान. मधी दिसता तें सगळां रिकामां, पण रिकामां नाय. तारेतसून करंट भोंवता तितको वेळ मधल्या जाग्यात जोर आसता. एक फेरो घातल्यार सुई हालता. शंभर घातल्यार धांवता." मग माझ्याकडे वळून, "खिळो फक्त फुकटचो मान घेता, मास्तर. सरपंचावरी."

पोरांनी पुढं महिनाभर मला "खिळो मास्तर" म्हटलं. मी मनात राग धरला. पण विज्ञानाचा असा तास मी स्वतः कधी घेतला नाही हेही खरं.

त्याची बायको सुमती. आम्ही वयनी म्हणायचो. कोरगावची. लग्नानंतर दोन वर्षांनी मोठ्या दुखण्यातून उठली ती कान गमावून. पूर्ण नव्हेत. डॉक्टरनं सांगितलं होतं की उरलेलं ऐकू येणंही हळूहळू जाईल, कधी ते सांगता येत नाही. तिचा भाऊ बोटीवर नोकरीला. त्यानं बाहेरून एक यंत्र आणून दिलं. काड्यापेटीच्या दुप्पट डबी, छातीशी अडकवायची, तिची वायर कानात. पण ते लावलं की वयनीला ताटं, कावळे, पाटा-वरवंटा, वारा, सगळं एकाच मापानं ऐकू येई आणि त्या गोंधळात माणसाचं बोलणं बुडून जाई. तिनं ते काढून फडताळात ठेवलं होतं.

एका दुपारी मी हॉर्न ठरवायला त्याच्या घरी गेलो. दारातच थबकलो. ओसरीवर जयराम एक जुना लहान सेट पुढ्यात घेऊन, माइक तोंडाशी धरून, हळू आवाजात बोलत होता. सेटचा लाल दिवा पेटलेला. हॉर्न कुठंच नव्हता. आणि आत, भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात, वयनी सुपात तांदूळ निवडता निवडता खो खो हसत होती. माणसाला वेड लागलं की बायकोलाही लागतं की काय, असं क्षणभर वाटलं.

तो म्हणत होता, "...तर पोदेराक म्हटलां, बाबा, हे उंडे लायराईच्या होमखणांतल्या इंगळांतसून काडलंस काय? तर म्हणता, ना, ताजे. मगे वाटेर सरपंच. पोट अशें पुढें..."

आतून वयनी ओरडली, "आनी मास्तराक? मास्तराक काय म्हटलंस?"

मी खाकरलो. जयराम दचकला आणि मग, चोरी पकडलेला माणूस चिडतो तसा चिडला. "पाय मागें घे, मास्तर! उंबऱ्याच्या भितर फील्ड आसा."

हळूहळू सगळं सांगितलं, दोन-चार शिव्या मधे पेरून. वयनीच्या डबीवर एक बटण होतं, टेलिफोनसाठी. घरात टेलिफोन नाही म्हणून ते कुणी कधी फिरवलं नव्हतं. जयरामनं डबी उघडली तर आत तांदळाएवढं एक वेटोळं. बटण फिरवलं की बाहेरचा आवाज बंद, फक्त ते वेटोळं जागं. तेव्हा त्याच्या डोक्यात आलं की लहान वेटोळ्याला जाग आणायला मोठं वेटोळं हवं. त्यानं घराच्या चारी भिंतींवरून, कौलांच्या खालून, दारांच्या चौकटींवरून तार फिरवली. आठ फेरे. हॉर्नच्या जागी ती तार सेटला जोडली. तो माइकमध्ये बोलला की त्या बोलण्याचा करंट घराभोवती फिरायचा, सगळ्या घरात चुंबकाचा जोर थरथरायचा आणि वयनीच्या छातीवरची डबी तो टिपायची. मध्ये हवा नाही, कावळा नाही, ताटाचा आवाज नाही.

"माका ऐकूक येतला?" मी विचारलं.

"तुमच्या तकलेत कॉइल आसा?" तो म्हणाला. "थंय कायच नाय."

आतून वयनी परत हसली. हे मात्र तिला माइकमधूनच ऐकू गेलं होतं.

त्या दिवशी मला कळलं की हा माणूस दिवसभर गावभर भांडत का फिरतो. तो वयनीसाठी बाजार करत होता. प्रत्येकाचा एकेक अपमान पिशवीत टाकून घरी आणायचा. ती घराबाहेर फारशी पडत नसे, लोकांत गेली की नुसत्या हलणाऱ्या तोंडांकडे बघत बसावं लागे. गाव तिला दिसत होता तो ह्याच्या जिभेतून.

मग भाषेचं आंदोलन आलं. राजभाषा कोंकणी की मराठी. आम्ही घरात बोलायचो ती भाषा ऐकून कुणी ठरवावं म्हटलं असतं तर त्यालाही ठरवता आलं नसतं, पण भांडण थांबवायला तेवढी अडचण पुरत नाही. मी मराठीचा. माझी शाळा मराठी, भजनं मराठी, पगाराच्या पावतीवरची सही मराठी. मी वाड्याचा चिटणीस झालो. जयराम मात्र एका दिवशी आम्हाला सेट द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी त्यांना. दोन्ही बाजूंनी त्याला समज दिली. तो म्हणाला, "कॉइलीक भास नाय. करंट आयलो की ती हालता." शिवाय वर सांगायचा की दोन्ही सभांत माइकनं शीळ घातली तेव्हा दोन्ही पुढारी एकच वाक्य बोलले, "रे च्याऱ्या, कान फुटले मरे!" हे तो बाजारात नक्कल करून दाखवी. आम्ही हसलो नाही. त्या दिवसांत आम्ही कुणीच हसत नव्हतो.

आमची मोठी सभा ठरली त्या दिवशी जयरामचा मोठा सेट डिचोलीला अडकून पडला. तिथं दंगा झाला, व्यासपीठावरचं सामान जप्त झालं आणि सेटही त्यात गेला. वाटेवर झाडं आडवी पाडलेली, बस बंद. पाहुणे मात्र चालत पोचले होते आणि शाळेच्या पटांगणात हजारभर माणूस. मी जयरामकडे धावलो.

"लहान सेट द्या."

"तो भाड्याचो नाय."

"एका संध्याकाळचा प्रश्न आहे, जयरामबाब. जन्माचा नाही."

"तुमचो एका सांजेचो. तिचो किती दिसांचो तें माका खबर नाय, डॉक्टराकय नाय."

तेव्हा मी जे बोललो ते मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मी म्हणालो, "भाषाच गेली तर तुमची बायको ऐकून तरी काय करणार?"

जयरामनं मला शिवी घातली नाही. पहिल्यांदाच. वयनी दारात आली. तिनं माझं घामेजलेलं तोंड पाहिलं, मी सेटकडे केलेला हात पाहिला. तिला काय ऐकू येणार? डबी तिनं लावलेली नव्हती. तिला वाटलं असेल शाळेत काहीतरी कार्यक्रम आहे. "दी रे तेंका," ती हसून म्हणाली. "मास्तर मागतत." आणि स्वतःच्या पदरानं सेट पुसून तिनं माझ्या हातांत दिला.

सभा अर्ध्यावर आली होती. कुणीतरी रस्त्याकडून ओरडलं, "आयले! आयले!" दुसऱ्या बाजूचे चाल करून आले असं समजून पटांगण उठलं. बायका, म्हातारे, पाहुणे, सगळे पळाले. मीही पळालो, आणि खरं सांगायचं तर बऱ्यापैकी पुढं होतो. टेबल उलटलं. पाहुण्यांसाठी भरून ठेवलेली पाण्याची घागर चालू सेटवर पडली. आलं होतं कोण? कुणीच नाही. खाणीवरून मजूर घेऊन येणारा ट्रक. झाडं चुकवत आडवाटेनं आला होता, आणि पटांगणातली माणसं पळताना पाहून घाबरून ट्रकवाल्यानं तो मागं वळवला.

सेट मी पोत्यात घालून नेला. वाल्व्ह फुटले होते, आतला ट्रान्सफॉर्मर जळून काळा झाला होता. जयरामनं पोतं उघडलं, वास घेतला आणि परत बंद केलं. म्हणाला, "बसा." एवढंच. त्यापेक्षा मला चौकात उभं करून माझं पूर्वजांसकट वाटोळं केलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानं तो सेट पुन्हा उभा करायला घेतला. रोज शाळा सुटली की मी जाऊन बसायचो. तो नको म्हणाला नाही. तारेचं रीळ मी धरायचो, तो गुंडाळायचा. पण हवी ती तार मिळेना. दुकानं कधी उघडी, कधी बंद. पणजीला गेलं तर परत यायची खात्री नाही. त्यानं जळके पंखे उकलले, मोडके रेडिओ फोडले, त्यातली तार जोडून जोडून घेतली. हजारावर फेरे. पहिल्यांदा गुंडाळलं ते शॉर्ट झालं, सगळं उकलावं लागलं. वाल्व्हसाठी दोन महिने गेले. त्या काळात वयनीनं डबी फडताळातच ठेवली होती. मधूनमधून ती ओसरीवर येऊन बघायची आणि बोटांनी विचारायची, किती राहिलं? जयराम चिमटीनं दाखवायचा, इतकंच.

सेट चालू झाला तेव्हा बागायतीत काजूची बोंडं पिकली होती, सगळीकडे त्यांचा आंबूस वास. वयनीनं केस विंचरले, डबी अडकवली, बटण फिरवलं आणि पाटावर बसली. जयराम माइक घेऊन ओसरीवर. मी मधल्या दारात, दोघं दिसतील असा.

तो बोलू लागला. वयनी आधी त्याच्या दिशेनं बघत होती, मग माझ्याकडे. माझ्या तोंडावरून काही कळतं का ते शोधत असावी. त्यानं बटण पुढं नेलं. आणखी पुढं. भिंतीवरची तार हाताला कोमट लागू लागली. वयनीनं हळूच मान हलवली. नाही.

जयराम उठला. तिच्या कानातली वायर काढून त्यानं स्वतःच्या कानात घातली आणि मला माइक दिला. मी "एक, दोन, तीन" म्हटलं. मग वायर माझ्या कानात घालून तो स्वतः ओसरीवर गेला. त्याचा आवाज माझ्या डोक्याच्या अगदी आत आला, स्वच्छ, कुजबुजल्यासारखा. "ऐकूक येता, मास्तर?"

"येता," मी म्हटलं.

म्हणजे सेट बरा होता. डबी बरी होती. आठही फेरे बरे होते. मग वयनीनं उठून सेटवरची धूळ पुसली आणि चूल पेटवायला गेली. जयरामनं लाल दिवा बंद केला.

त्यानंतर जयरामनं माणसांना बोलणं सोडलं. म्हणजे बोलायचा, पण चारचौघांसारखं. पोदेर मला म्हणाला, "जयरामबाब आतां उंडे बरे आसत म्हणता." तो घाबरला होता. सरपंच आले तर जयराम उठून उभा राहू लागला. गावात सगळे म्हणू लागले, च्यारी निवळला, वयच तसं. पण खुणांनी भात मागता येतो, पाणी मागता येतं, ताप आहे हे सांगता येतं, सरपंचाच्या पोटाची टर उडवता येत नाही. वयनी शाळेत गेलेली नव्हती, तेव्हा लिहिण्याचाही उपयोग नव्हता. ज्या मालाला घरी गिऱ्हाईक नाही तो बाजारातून आणायचा कशाला?

मे महिन्याच्या शेवटी गोव्याचं राज्य झालं. आमच्या पटांगणात समारंभ झाला. दोन्ही बाजूंचे पुढारी एकाच सतरंजीवर बसले, एकमेकांना हार घातले आणि भाषणांत एकमेकांचे गोडवे गायले. हॉर्न जयरामचेच. मोठा सेट तोपर्यंत सुटून आला होता. तो सेटमागं स्टुलावर बसून होता. भाषणं दीड तास लांबली आणि बटणाला त्याचा हात लागला नाही. कुणीतरी त्यालाही एक हार घातला. त्यानं नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. का गेलो ते मला सांगता येणार नाही, कधीतरी माफी मागायची होती आणि तो दिवस मी रोज पुढं ढकलत होतो. जयराम परसात होता. वयनी ओसरीवर फणसाचे गरे सोलत बसली होती. बोटांना तेल. मला पाहून ती मोठ्यानं बोलली. अलीकडे तिला स्वतःचाही आवाज ऐकू येत नव्हता, म्हणून तिचं साधं बोलणंही पार रस्त्यापर्यंत जाई.

"मास्तर, गांवांत आतां झगडीं बंद जालीं मां? हे हल्लीं कायच सांगनत."

परसातला कोयत्याचा आवाज थांबला.

मी वयनीकडे पाहिलं. ती खरंच विचारत होती. मी मान डोलावली. होय, बंद झाली.

"बरें जालें," ती म्हणाली, आणि गऱ्यांचं ताट माझ्याकडे सरकवलं.